पर्लच्या बाजूने

'ड्युएल इन द सन' पाहून उठलेल्या चार माणसांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. ३० डिसेंबर १९४६ ला लॉस एंजेलिसमध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हापासून हेच चाललं आहे. कुणी म्हणतं, हॉलिवूडने काढलेला हा सर्वांत भडक, सर्वांत आरडाओरडा करणारा वेस्टर्न. कुणी शेवटच्या दृश्याबद्दल बोलता बोलता गप्प होतं. कुणाच्या डोळ्यांपुढून त्यातले तांबडे सूर्यास्त हलत नाहीत, पण त्या सूर्यास्तांखाली वावरणारी माणसं काही केल्या पटत नाहीत. आणि एक मोठा वर्ग असा आहे, जो हा चित्रपट पाहताना हसतो. ते हसणं मला लागतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

गोष्ट टेक्ससची. पर्ल चावेझ ही एका खानदानी पण कफल्लक झालेल्या गोऱ्या जुगाऱ्याची आणि मूळनिवासी इंडियन बाईची मुलगी. आई एका अवाढव्य जुगारगृहात शेकडो पुरुषांसमोर नाचते. मुलगी बाहेर रस्त्यावर पोरांपुढे नाचते. आईला दुसऱ्या पुरुषाबरोबर पाहून बाप दोघांनाही गोळ्या घालतो आणि फासावर जातो. जाण्याआधी तो मुलीला सांगतो, लॉरा बेलकडे जा. लॉरा बेल ही त्याची जुनी प्रेयसी. आता ती स्पॅनिश बिट नावाच्या, नजर पोचणार नाही एवढ्या रँचवर, सिनेटर मॅकॅनल्सची बायको म्हणून राहते. पर्ल तिथे येते ती चांगली मुलगी होण्याचा शब्द देऊन. घरात दोन भाऊ आहेत. जेसी वकील, सभ्य, मवाळ. ल्यूट बापाचा लाडका, देखणा, घोडा काय आणि माणूस काय, वठणीवर आणल्याशिवाय चैन न पडणारा. सिनेटर चाकांच्या खुर्चीत बसून सगळा कारभार हाकतो आणि संधी मिळेल तेव्हा पर्लची जात काढतो. पुढे काय होणार हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. ऑर्सन वेल्सचा आवाज सुरुवातीलाच सांगून टाकतो की वाळवंटातल्या एका खडकाजवळ पर्ल आणि ल्यूट शेवटचे दिसले, आणि तिथे एक रानफूल उगवतं.

म्हणजे उत्सुकता शेवट काय होणार याची नाहीच. ती मुलगी तिथवर कशी जाते, एवढंच पाहायचं आहे.

या चित्रपटावर बोलताना डेव्हिड सेल्झनिकला वगळून चालत नाही. १९३९ चा 'गॉन विथ द विंड' आणि १९४० चा 'रिबेका' या दोन चित्रपटांनी लागोपाठ दोन वर्षं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवलं, आणि त्या यशाची सावली या निर्मात्याच्या पुढच्या आयुष्यावर कायमची पडली. नायव्हन बुशची १९४४ ची कादंबरी आधी आर.के.ओ. कंपनीकडे होती आणि चित्रपट आटोपशीर होणार होता. बुशच्या पत्नीला, टेरेसा राइटला, पर्ल करायची होती. तिला दिवस गेले, भूमिका जेनिफर जोन्सकडे आली आणि जोन्सच्या मागोमाग सेल्झनिक आला. तो तिच्या प्रेमात होता. १९४९ मध्ये त्यांनी लग्न केलं. पण १९४५ मध्ये, चित्रीकरण चालू असताना, तिचा आधीचा संसार मोडत होता आणि निर्माता सेटवर येऊन प्रत्येक फ्रेममध्ये हात घालत होता. पटकथेवर त्याचंच नाव आहे. दिग्दर्शक म्हणून किंग व्हिडोरचं नाव लागलं, पण व्हिडोर या ढवळाढवळीला कंटाळून काम टाकून निघून गेला. उरलेलं काम विल्यम डिटर्लेने केलं, आणि मधल्या मधल्या भागांवर जोसेफ फॉन स्टर्नबर्गसह आणखी कितीतरी जणांचे हात फिरले. 'गॉन विथ द विंड'पेक्षा जास्त पैसा यात गेला. जाहिरातही त्या काळाच्या मानाने अफाट झाली, आणि १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या परिसरात तो एकाच वेळी अनेक थिएटरांत लावला गेला. आज मोठे चित्रपट असेच लागतात. तेव्हा ते नवीन होतं.

समीक्षकांनी तो फाडला. 'लस्ट इन द डस्ट' हे टोपणनाव त्याला चिकटलं ते आजतागायत सुटलेलं नाही. वासना आणि धूळ, बाकी यात काय आहे, असा त्याचा रोख. लॉस एंजेलिसच्या कॅथलिक आर्चबिशपनी आपल्या लोकांना सावध केलं, काटछाट झाली, मेम्फिस शहराच्या सेन्सॉरने तो लावूच दिला नाही. आणि लोक रांगा लावून गेले. त्या वर्षीच्या भरघोस कमाईच्या चित्रपटांत त्याची गणना झाली. जेनिफर जोन्सला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं आणि लिलियन गिशला साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. मार्टिन स्कॉर्सेसी चारेक वर्षांचा असताना त्याच्या आईने त्याला हा चित्रपट दाखवायला नेलं, चर्चचा विरोध असतानाही. शेवट त्याला पाहवला नाही, त्याने तोंड झाकून घेतलं. १९९५ मध्ये अमेरिकन सिनेमावरचा आपला दीर्घ माहितीपट करताना त्याने सुरुवातीलाच ही आठवण सांगितली आहे.

मला या दोन टोकांमध्ये मधला रस्ता काढायचा नाही. चित्रपट भडक आहे, हे मान्यच करून पुढे जावं. यात आकाश निळं नसतंच जवळजवळ. ते शेंदरी असतं, रक्ती असतं, मधेच जांभळं पडतं. ली गार्म्स, हॅल रॉसन आणि रे रेनाहॅन या तिघा छायालेखकांनी टेक्निकलरमधून जे काढून घेतलं आहे, त्याला संयम हा शब्द कुठूनच लागू होत नाही. दिमित्री टिओमकिनचं संगीत तर क्षणभर उसंत देत नाही. सिनेटर रेल्वे अडवायला आपली माणसं बोलावतो तेव्हा घंटा वाजू लागते आणि टेकड्यांमागून घोडेस्वार येतात. आधी पाच-सहा, मग वीस, मग ओहोळ ओढ्याला मिळावेत तसे चारी बाजूंनी, शेवटी पडदा पुरत नाही. समोर रेल्वेवाल्यांची तारेचं कुंपण तोडायची तयारी, आणि तेवढ्यात अमेरिकन लष्कराची घोडदळाची तुकडी झेंडा घेऊन येते. आयुष्यभर कुणापुढे न वाकलेला तो म्हातारा झेंड्यावर गोळी झाडायला नकार देतो आणि एका मिनिटात खचतो. लायोनेल बॅरीमोरने हे असं केलं आहे की क्षणभर आपण त्याचं सगळं विसरतो. वेस्टर्नला जे जमतं, म्हणजे जमीन, जमाव आणि इतिहासाचा पालटणारा वारा, ते या एका प्रसंगात पुरेपूर आहे. ज्यांना चित्रपट आवडत नाही, तेही हा प्रसंग सोडून बोलतात.

वाद पर्लपाशी सुरू होतो. जेनिफर जोन्स अति करते, डोळे फार फिरवते, ओठ मुडपते, चालताना सगळं अंग बोलतं, असं म्हणतात. तीन वर्षांपूर्वी 'द साँग ऑफ बर्नाडेट'मध्ये संत मुलगी साकारून ऑस्कर घेतलेली हीच ती नटी. ल्यूट झालेल्या ग्रेगरी पेकचंही तसंच. १९४४ मध्ये तो पडद्यावर पाद्री झाला होता, आणि पुढे १९६२ मध्ये 'टु किल अ मॉकिंगबर्ड'चा अ‍ॅटिकस फिंच होऊन सज्जनपणाचा मापदंड ठरला. इथे तो आगगाडी रुळावरून उतरवतो आणि गाणं गुणगुणत घोड्यावरून निघून जातो. दोघांनाही त्यांच्या प्रतिमेच्या उलट वापरलेलं आहे. काहींना ते उपरं वाटतं. मला वाटतं जोन्सचं ते अति आवश्यक आहे, कारण पर्लला कसं वागायचं हे शिकवलेलंच नाही. तिला फक्त कुणासारखं व्हायचं ते सांगितलेलं आहे.

एक प्रसंग सांगते. वादळी रात्र आहे. ल्यूट तिच्या खोलीत शिरतो. ती विरोध करते आणि चित्रपट त्या विरोधाचं रूपांतर स्वीकारात झालेलं दाखवतो, खिडकीबाहेर वीज कडाडते. हे आज पाहवत नाही, आणि पाहवू नयेच. पण त्यानंतर काय होतं ते पाहा. जेसी येतो. तोही तिच्यावर प्रेम करतो, आत्तापर्यंत ते मनात ठेवलेलं असतं. तो दारात उभा राहून पाहतो काय झालं ते. तो आरडाओरडा करत नाही. तो अतिशय सभ्य शब्दांत सांगतो की तुझ्यावर माझं प्रेम होतं, आणि निघून जातो. जोसेफ कॉटनचा आवाज त्या वेळी इतका मऊ आहे की त्याची क्रूरता उशिरा लक्षात येते. अत्याचार धाकट्याने केला आणि शिक्षा थोरल्याने दिली. पर्ल तिथेच समजून चुकते की चांगलं होण्याचा दरवाजा तिच्यासाठी आता बंद आहे. ती स्वतःशीच ठरवून टाकते, आपण आईसारख्याच. त्यानंतरचा सगळा चित्रपट या एका समजुतीचा परिणाम आहे.

लॉरा मल्वी या इंग्रज चित्रपट-अभ्यासिकेने १९८१ मध्ये 'ड्युएल इन द सन' घेऊनच आपल्या आधीच्या गाजलेल्या निबंधाची पुन्हा तपासणी केली होती. तिचं म्हणणं थोडक्यात असं की वेस्टर्नमध्ये एरवी नायकापुढे दोन वाटा असतात, कायद्याची आणि बेबंद स्वातंत्र्याची, आणि तो त्यातली एक निवडतो. इथे नायकाच्या जागी स्त्री आली. जेसी आणि ल्यूट या तिच्याच दोन वाटा, आणि तिला दोन्हींत राहता येत नाही. जेसीबरोबर राहायचं तर तिने आपलं अंग, आपली ऊर्मी, आपली आई पुसून टाकायची. ल्यूटबरोबर राहायचं तर सन्मान सोडायचा. वेस्टर्नच्या मधोमध स्त्री ठेवली की तो मेलोड्रामा होतो, हे तिने दाखवून दिलं. मल्वी वाचल्यावर या चित्रपटाला उगाच रडका म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावं ते मला सापडलं.

त्याच वर्षी, १९४६ मध्ये, जॉन फोर्डचा 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' आला. तो संयत, काळ्या-पांढऱ्या रंगांतला, सगळ्यांना मान्य असलेला अभिजात वेस्टर्न. मलाही तो अतिशय प्रिय आहे. पण त्यातही एक पर्ल आहे. तिचं नाव चिवावा, दारूच्या गुत्त्यात गाणारी. वायट अर्प तिला घोड्यांच्या पाण्याच्या हौदात ढकलतो आणि अपाची लोकांच्या राखीव जागेत पाठवून देण्याची धमकी देतो. प्रेक्षकांनी ते खपवून घेतलं, आजही खपवून घेतात. पुढे तिला गोळी लागते, ती मरते, आणि पूर्वेकडून आलेली स्वच्छ, शिकलेली क्लेमेंटाइन गावाची शिक्षिका होते. सभ्यतेचा हा सगळा सोहळा चिवावाला बाजूला सारूनच उभा राहतो, आणि तो इतक्या संथ लयीत घडतो की आपल्याला खटकत नाही. 'ड्युएल इन द सन' त्याच बाजूला सारलेल्या बाईला पडद्याच्या मध्यभागी आणून ठेवतो. तिचा आवाज मोठा आहे, तिचे कपडे फाटलेले आहेत, ती रडते ती हमसून रडते. सुसंस्कृत चित्रपटांना तिच्यासाठी जागा नव्हती. गोंगाट करणाऱ्या चित्रपटाने ती दिली.

ती दिली, पण स्वच्छ हातांनी दिली नाही, हेही म्हटलंच पाहिजे. जेनिफर जोन्सच्या गोऱ्या कातडीवर तपकिरी रंग फासून तिला अर्धी इंडियन केलेलं आहे. त्या रंगामागे मिश्र रक्त म्हणजे बेलगाम वासना ही जुनी, ओंगळ समजूत उभी आहे. सिनेटरच्या तोंडी असलेल्या वर्णद्वेषाचा चित्रपट धिक्कार करतो, आणि कॅमेरा मात्र पर्लकडे पुष्कळदा सिनेटरच्याच नजरेने पाहतो. वॉल्टर ह्यूस्टनचा 'सिनकिलर' नावाचा प्रचारक अंगावर फक्त घोंगडी लपेटलेल्या पर्लला पापाबद्दल उपदेश करतो, तेव्हा चित्रपट त्याला ढोंगी ठरवतो आणि त्याच्या बरोबरीने पाहूनही घेतो. घरातली काळी मोलकरीण व्हॅश्टी तर केवळ हसण्यासाठी आहे. बटरफ्लाय मॅक्वीन या गुणी नटीला 'गॉन विथ द विंड'नंतर पुन्हा तेच बावळटपणाचं काम मिळालं, आणि याच सुमारास मोलकरणींच्या भूमिकांचा वीट येऊन तिने चित्रपटांकडे पाठ फिरवली. हे सगळं ज्यांना सहन होत नाही आणि म्हणून ज्यांना चित्रपट नको वाटतो, त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांचा आक्षेप खरा आहे, तो पर्लच्याच बाजूचा आहे.

माझं भांडण हसणाऱ्यांशी आहे.

आपल्याकडे हसण्याची ही सवय जास्त खुपते, कारण आपण 'मदर इंडिया' पाहून मोठे झालेले लोक आहोत. मेहबूब खानचा १९५७ चा तो चित्रपट आठवा. तिथेही दोन भाऊ आहेत, एक सरळ आणि एक बंडखोर. तिथेही पेटलेलं आकाश, धूळ, घोडा. आणि शेवटी जिचं त्या बंडखोरावर सर्वांत जास्त प्रेम आहे, तीच बाई बंदूक उचलते, त्याला गोळी घालते आणि मग त्याला कवेत घेते. एकातून दुसरा आला, असं मला म्हणायचं नाही. पण राधा बिरजूला मारते तेव्हा आपण हसत नाही. कारण तिच्या गोळीच्या मागे गावाची अब्रू आहे, आणि पुढे कालव्याचं पाणी आहे. तिच्या दुःखाला समाजाने मान्यता दिलेली आहे. पर्लच्या गोळीमागे काही नाही. ती आई नाही, बायको नाही, कुणाची लेक म्हणूनही उरलेली नाही. तिचं प्रेम लाजिरवाणं आहे, तिलाच त्याची लाज वाटते. फरार झालेला ल्यूट रात्री तिच्याकडे येतो आणि निघतो, तेव्हा ती त्याच्या पायाला मिठी मारते. तो चालतच राहतो, ती जमिनीवरून फरफटत जाते, शेवटी तो तिला लाथेने झटकतो. या दृश्यावर हसू फुटतं ते अभिनयातल्या अतिरेकामुळे फुटतं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. स्वाभिमान गमावून कुणाला तरी धरून ठेवणारं माणूस पाहणं कठीण असतं. त्यापासून नजर वळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे हसणं.

शेवट असा आहे. ल्यूटने निःशस्त्र जेसीवर गोळी झाडली आहे, जेसी वाचला आहे. त्याची होणारी बायको हेलन पर्लला म्हणते, आमच्याबरोबर चल, आमच्या घरी राहा. जे पर्लला पहिल्या दिवसापासून हवं होतं ते आता मिळतं आहे, पण आश्रित म्हणून, आणि ल्यूट जेसीला पुन्हा मारायला येणार हेही तिला कळलेलं आहे. ती बंदूक घेऊन निघते. उन्हात घोडा चालत राहतो. स्क्वॉज हेड रॉकच्या पायथ्याशी ती पोचते, ल्यूट वरून तिला हाक मारतो, आनंदाने, तिची वाट पाहत असलेल्या माणसासारखा. ती नेम धरून गोळी झाडते. तो उलट गोळी झाडतो. दोघंही जखमी. मग तो वरून ओरडू लागतो की मरतोय मी, ये, आणि ती वर चढू लागते.

हे चढणं फार लांबवलं आहे, असा आक्षेप असतो. लांबवलं आहेच. तिचे हात खडक धरतात आणि खडक सुटतात. तोंडाला माती, ओठांवर रक्त, बोटं रेतीत रुतून पुन्हा मागे येतात. ती दोन हात वर जाते आणि एक हात घसरते. कॅमेरा तिला सोडत नाही. जिने अख्ख्या चित्रपटात कुणाच्या तरी दारापाशी उभं राहून आत घेण्याची वाट पाहिली, ती पहिल्यांदाच स्वतः ठरवून कुणाकडे तरी जाते आहे, आणि ज्याच्याकडे जाते आहे त्याला तिनेच मारलं आहे. हे पटापट दाखवलं असतं तर ती फक्त एक बातमी झाली असती. पेद्रो आल्मोदोव्हारने १९८६ च्या 'मॅटाडोर'मध्ये आपल्या पात्रांना थिएटरात बसवून नेमकं हेच दृश्य पाहायला लावलं आहे. त्याची पात्रं हसत नाहीत. प्रेम आणि मरण एकमेकांत इतकं गुंतू शकतं, हे आपल्याबद्दलच सांगितलं जात आहे, असं त्यांना कळतं.

चांगला चित्रपट म्हणजे तोललेला चित्रपट, असं आपण कळत नकळत मानत आलो आहोत. लिलियन गिशचं मरण या चित्रपटातच आहे. लॉरा बेल आजारी अंथरुणातून उठून नवऱ्याकडे सरकत येते, आणि तो आयुष्यभर पोसलेल्या मत्सराची कबुली देतो, की ती एकदा घर सोडून निघाली होती, तिला परत आणायला घोडा दौडवताना तो पडला आणि पांगळा झाला. गिश १९१२ पासून ग्रिफिथच्या मूक चित्रपटांत जे शिकली, ते सगळं तिच्या त्या दोन हातांत आहे. बोलपटांना वीस वर्षं होत आली होती, आणि तरी ती शरीराने बोलत होती. जोन्स तिच्याकडून तेच घेते आहे, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. तोलाच्या कसोटीवर दोघीही नापास होतील. मग ती कसोटी या चित्रपटाला लावू नये.

'ड्युएल इन द सन' हा निर्दोष चित्रपट नाही, आणि व्हिडोरचा सर्वोत्तमही नाही. 'द बिग परेड' आणि 'द क्राउड' त्याहून मोठे आहेत. पण १९४६ मध्ये हॉलिवूडने काढलेल्या वेस्टर्नपैकी ज्या एकात दुय्यम ठरवलेल्या बाईचं दुःख दुय्यम राहत नाही, तो हाच. प्रस्तावनेच्या आणि निरोपाच्या संगीतासह तो १४४ मिनिटांचा आहे. शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर पाहा, रंग नीट राखलेली प्रत मिळवून पाहा. शेजारी कुणी हसू लागलं तर शेवटपर्यंत थांबायला सांगा, आणि दिवे लागल्यावर त्याच्याशी जरूर भांडा.